नावात एक ज कमी. सांगावं की सोडून द्यावं?

जोडाक्षर
माझं नाव उज्ज्वला. ज दोन. एक अर्धा, त्याला लागून दुसरा ज आणि मग व. आयुष्यभर लोक 'उज्वला' लिहीत आलेत आणि मी 'चालतंय' म्हणत आलेय. पण परवा ऑफिसमध्ये दहा वर्षं झाली म्हणून मानपत्र मिळालं. चांगल्या जाड कागदावर, फ्रेम वगैरे करून, आणि वर ठळक अक्षरात "उज्वला". ज्या मैत्रिणीने हे सगळं धावपळ करून केलं ती समोर उभी होती, डोळ्यात एवढा आनंद होता तिच्या की मी म्हटलं वा, किती सुंदर! घरी आणलं आणि कपाटात ठेवलं. नवरा म्हणतो अगं एक अर्धा ज तर कमी आहे, लाव भिंतीवर. पण मला ते भिंतीवर बघवणार नाही हे मला माहितीये. दुसऱ्याच कुणाचं तरी कौतुक आपल्या घरात टांगल्यासारखं वाटेल.

तर प्रश्न असा, की तुमचं नाव कुणी चुकीचं लिहिलं तर तुम्ही सांगता का? आणि सांगत असाल तर समोरच्याला न दुखावता कसं सांगता? की मीच फार ताणतेय?

निवांत
ताणताय. :) पगार बरोबर खात्यात येतो ना? मग ज एक काय न दोन काय. वाचताना तर सगळे एकच उच्चार करतात. फ्रेम लावा आणि मजेत रहा उज्वलाताई.

काना_मात्रा
निवांत, बरोब्बर त्याच धाग्यावर तेच करून दाखवलंत!

निवांत
अरेच्चा. सवय हो. मुद्दाम नाही केलं.

ऱ्हस्वदीर्घ
जोडाक्षर, अजिबात ताणत नाहीयेस. उत् + ज्वल = उज्ज्वल. त् चा ज् झाला, म्हणून दोन ज. एक काढला तर संधीच मोडली. अशी बरीच नावं आहेत ज्यांच्यावर रोज अन्याय होतो. सुनील (नील आहे त्यात, म्हणून दीर्घ) पण अनिल ऱ्हस्व. प्रवीण दीर्घ. मनीषा दीर्घ आणि पोटफोड्या ष. सरोजिनी, नलिनी, मृणालिनी यांच्यात शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी पहिली. शिरीष मध्ये र ला दुसरी आणि शेवटी ष. रवी एकटा असला की दुसरी वेलांटी पण रविकिरण झाला की पहिली. शाळेत शिकवलेलं असतं हे, लोक विसरतात नाहीतर त्यांना फिकीर नसते.

टिंबटिंब
अनिल म्हणजे वारा आणि अनील म्हणजे जो निळा नाही तो. आमच्या मित्राला आम्ही अनीलच लिहितो, कारण तो खरंच निळा नाहीये.

हृषीक
नावावरूनच ओळखलं असेल, मी हृषीकेश. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश. ह ला ऋ, मग ष ला दुसरी. लोक ऋषीकेश, ऋषिकेश, रुषिकेश, रुशीकेश सगळं लिहितात. एका लग्नपत्रिकेवर तर हृशीकेष होतं, म्हणजे दोन्ही श बरोब्बर उलटे, त्यासाठी पण कष्ट घेतले असणार. तर मी ऱ्हस्वदीर्घ यांच्याशी अगदी सहमत व्हायला आलो होतो, पण मग माझा एक मित्र आठवला. त्याचं नाव दाखल्यावर, सहीत, सगळीकडे 'ऋषिकेश' आहे. आणि त्याला आयुष्यभर माझ्यासारखे शहाणे सुधारत असतात. "अरे ते ऋषिकेश नसतं रे, हृषीकेश असतं." तो म्हणतो माझ्या आईबापांनी मला ऋषींचा केश ठेवलं असेल तर तुला काय करायचंय. मी पण त्याला दोनदा सुधारलंय. लाज वाटते आता.

ऱ्हस्वदीर्घ
पण हृषीक, चूक ती चूकच ना? उद्या कुणी मुलीचं नाव 'मनिशा' ठेवलं तर तेच लिहायचं?

हृषीक
हो. तेच लिहायचं. तिने सही तशी केली तर तेच.

ऱ्हस्वदीर्घ
मला नाही पटत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखननियम आहेत, त्यात व्यक्तिनामं पण येतात. शेवटचा इकार उकार दीर्घ लिहायचा, मग ते हरी असो, विष्णू असो की स्वाती. हरिदास, विष्णुदास असा समास झाला की मूळ ऱ्हस्व परत येतो. नियम आहे म्हणून तर गोंधळ कमी होतो.

वेलांटीवाली
ऱ्हस्वदीर्घ ताई, माझी बहीण सही 'स्वाति' अशी करते, पहिली वेलांटी. तुमच्या नियमाने चूक, संस्कृतप्रमाणे बरोबर, आणि तिला विचाराल तर "माझं नाव आहे, मला विचारा". नियम शब्दांसाठी हो, कारण शब्द सगळ्यांचे असतात. नाव एकाच माणसाचं असतं. तुम्ही 'मनिशा' ला मनीषा केलंत तर तुम्ही पण तिचं नाव चुकीचंच लिहिलंत, फक्त शुद्ध चुकीचं.

टिंबटिंब
"शुद्ध चुकीचं" घेतला मी हा शब्द. वापरणार.

ऱ्हस्वदीर्घ
बरं, विचार करते. पण जिला स्वतःलाच माहीत नाही तिचं काय?

निवांत
ते मी! खरं सांगतो आता. मी निवांत आहे त्याचं कारण मला माझंच नाव नक्की कसं लिहायचं ते माहीत नाही. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं (बाईंनी शुद्ध केलं असावं), पदवीवर तिसरं. रोमनमध्ये तर विचारू नका, कुठे व ला व्ही कुठे डब्ल्यू, कुठे एक ए कुठे दोन. तिन्ही माणसं मीच आहे असं प्रतिज्ञापत्र करून ठेवलंय. त्यात पण एका ठिकाणी टायपिंगची चूक आहे.

काना_मात्रा
हसू की रडू.

फाटकीबॅग
निवांतराव तुमच्या डब्ल्यू व्ही वरून. मी प्रवासाची बुकिंग करून देण्याच्या कामात बरीच वर्षं काढली. सगळ्यात जास्त डोकेदुखी नावाची. पासपोर्टवर जे आहे तेच तिकिटावर हवं, एवढं साधं सांगितलं तरी लोक घरी हाक मारतात ते नाव देतात, किंवा आपल्या मनाने एक ए काढतात. आणि पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी बघितल्यात ना, त्या बाणासारख्या खुणांच्या? ते मशीनने वाचायचं असतं. एका ओळीत ४४ जागा आणि त्यातल्या नावासाठी ३९. नावात फक्त ए ते झेड आणि ती खूण. बाकी काही नाही. म्हणून जर्मन म्यूलर साहेबांच्या यू वरची दोन टिंबं वर दिसतात पण खाली साधारणपणे यू ई असं होतं. म्हणजे एकाच पानावर एकाच माणसाची दोन स्पेलिंगं, आणि दोन्ही अधिकृत! फॉर्म भरताना कुठलं लिहायचं हे दर वेळी विचारायचे लोक.

बिटबाईट
मी सॉफ्टवेअरवाला, माझी पण भर. लोकांना वाटतं नाव शोधणं सोपं आहे. मराठीत 'कऱ्हाडे' घ्या. कुणी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन हलन्त (पाय मोडायची खूण) देतो, कुणी साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडणारं चिन्ह टाकतो. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब तेच दिसतात, मशीनला मात्र दोन वेगळी नावं. एकाने टाकलेलं दुसऱ्याला सापडत नाही आणि मग "तुमची नोंदच नाही" असं उत्तर मिळतं. यात कुणीच चूक केलेली नसते हे विशेष.

इंग्रजीत या दुखण्यावर शंभर वर्षांपासून औषध शोधतायत. साउंडेक्स नावाची पद्धत आहे, पेटंट १९१८ चं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे, व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे आणि तीन आकड्यांवर थांबायचं. स्मिथ आय ने लिहा नाहीतर वाय ने, दोघं एस५३०. अमेरिकेच्या जुन्या जनगणनेच्या याद्या याच पद्धतीने लावल्यात. पण पहिलं अक्षर तसंच राहतं ना, त्यामुळे आपला वसंत एकदा व्ही ने आणि एकदा डब्ल्यू ने आला की साउंडेक्स हात वर करतं.

टिंबटिंब
म्हणजे निवांत यांना शोधायला साउंडेक्स पण निवांतच.

पाटीपेन्सिल
अवांतर : अमेरिकेत जहाजाने आलेल्या लोकांची नावं तर बंदरावरच्या कारकुनांनी बदलून टाकली म्हणतात. एलिस बेटावर. ऐकू येईल तसं लिहायचे आणि झालं, पिढ्यानपिढ्या तेच आडनाव.

जुनीदप्तरं
पाटीपेन्सिल, ही गोष्ट फार ऐकली जाते पण तशी नाही. एलिस बेटाचं केंद्र १८९२ ते १९५४ चाललं. तिथले लोक नावं नव्याने लिहून घेत नव्हते, जहाज निघतानाच कंपनीने केलेली प्रवाशांची यादी त्यांच्या हातात असायची आणि तिच्यावरून ते तपासायचे. यादीत चुका असायच्या, नाही असं नाही. पण बहुतेकांनी नाव बदललं ते नंतर, स्वतःच, नोकरीसाठी किंवा शेजाऱ्यांना जमेना म्हणून. माझ्या मते हे जास्त वाईट आहे. दुसऱ्याने चुकवलेलं नाव परत मागता तरी येतं.

पाटीपेन्सिल
हे माहीत नव्हतं. धन्यवाद. इतकी वर्षं लोकांना छातीठोक सांगत होतो.

निवांत
आता माझा हुकमी एक्का. शेक्सपिअर! त्याच्या हातच्या सहा सह्या आज शिल्लक आहेत आणि आपण आज करतो ते स्पेलिंग त्यातल्या एकाही सहीत नाही. त्याचं काही अडलं का?

जुनीदप्तरं
एक्का बरा आहे पण डाव वेगळा आहे. तेव्हा इंग्रजीत कुठल्याच शब्दाचं स्पेलिंग पक्कं नव्हतं, नावांचं तर नाहीच. आणि मुख्य म्हणजे त्याला कुठे ऑनलाइन फॉर्म भरायचा होता?

हिशेबनीस
फरक काय पडतो म्हणणाऱ्यांसाठी, माणसाचं नाही पण कंपनीच्या नावाचं उदाहरण. ब्रिटनमध्ये २००९ साली 'टेलर अँड सन' नावाची एक कंपनी बुडाली. तिकडच्या कंपनी नोंदणी कार्यालयाने ती नोंद चुकून 'टेलर अँड सन्स' च्या नावावर टाकली. एक एस. ही दुसरी कंपनी शंभर वर्षांहून जुनी, चांगली चालू. चूक तीन दिवसांत दुरुस्त झाली, पण तोवर बातमी पत मोजणाऱ्या संस्थांकडे गेली होती. माल पुरवणाऱ्यांनी उधारी बंद केली, गिऱ्हाईकं गेली आणि काही महिन्यांत कंपनी खरोखरच बुडाली. २०१५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने नोंदणी कार्यालयालाच जबाबदार धरलं. पण कंपनी काही परत येत नाही.

निवांत
हे भारी आहे. एक्का मागे घेतो.

पांढरा_कोट
आमच्याकडे वॉर्डात सारख्या नावाचे दोन पेशंट असले की सगळे जास्त सावध होतात. म्हणून नुसतं नाव कधीच पुरत नाही, नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळवायचं. आणि अजून एक, पेशंटला "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही, "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं. गुंगीत किंवा घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. लेबलवर स्मिता की सुमिता, प्रमिला की प्रमिली, हे बघताना शुद्धलेखन वगैरे काही डोक्यात नसतं, फक्त हे रक्त याच माणसाचं ना एवढंच असतं.

प्रबंधातली_उंदीर
संशोधनात पण हाच ताप. आद्याक्षर आणि आडनाव एवढंच छापतात, त्यामुळे एका नावाची दहा माणसं नाहीतर एका माणसाची चार नावं. २०१२ पासून ऑर्किड म्हणून क्रमांक मिळतो, सोळा आकडी. माझं नाव कोणी कसंही लिहो, क्रमांक माझा राहतो. सोयीचं आहे. पण पहिला पेपर आला तेव्हा आईला दाखवायला मी क्रमांक नाही दाखवला, नावावर बोट ठेवलं.

शेवटची_ओळ
वाचत होते, लिहू की नको करत होते. माझे वडील शशिकांत. शि पहिली. कुठेही नाव सांगताना ते थांबून सांगायचे "शि पहिली हं". बँकेत, दवाखान्यात, फोनवर सुद्धा. आम्हा मुलांना फार लाजल्यासारखं व्हायचं, भाऊ तर नक्कल करायचा. ते गेले तेव्हा पेपरात निधनाची सूचना द्यायची होती. मीच फोनवर मजकूर सांगितला. रडत होते, पलीकडचा माणूस बिचारा हळू बोलत होता, त्याने वाचून दाखवलं आणि मी हो हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं "शशीकांत". वडिलांचं नाव आयुष्यात एकदाच पेपरात आलं आणि ते असं आलं. त्या माणसाची काही चूक नाही, कानाने कसं कळणार कुठली वेलांटी. मला सांगायला हवं होतं. "शि पहिली हं", एवढंच. आता मी कुठेही त्यांचं नाव सांगते तेव्हा थांबून सांगते, आणि माझी मुलगी बाजूला उभी राहून लाजते.

काना_मात्रा
...

ऱ्हस्वदीर्घ
शेवटची ओळ, काय बोलू. माझे वडील पण असेच होते.

निवांत
मी हा धागा चेष्टेत घेतला होता. सॉरी.

पहिलाबाक
मी शिक्षक. पहिल्या दिवशी हजेरीपटावरून नावं वाचत नाही. कोऱ्या चिठ्ठ्या देतो, आपलं नाव जसं आवडतं तसं लिहून द्या म्हणतो, मग त्यावरून माझी वही करतो. हजेरीपट बदलता येत नाही पण वही माझी आहे. दर वर्षी तीन चार जण तरी निघतात ज्यांचं नाव पटावर वेगळं असतं आणि त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नसतं. का सांगितलं नाही विचारलं तर "सर, आधीच्या बाईंनी लिहिलं होतं". लहान मुलाला वाटतं मोठ्यांनी लिहिलं म्हणजे तेच खरं असणार.

बेल्जियमच्या नुटिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये दाखवलं होतं की माणसाला आपल्या नावात येणारी अक्षरं बाकीच्या अक्षरांपेक्षा जास्त आवडतात, ती का आवडतायत हे त्याच्या लक्षात न येता. त्यामुळे जोडाक्षर, तुमचा अर्धा ज तुम्हाला का लागतो हे मला तरी कळतं.

टिंबटिंब
मला ळ आवडतो आणि माझ्या नावात ळ नाही. माझं नाव चुकीचं लिहिलंय का?

वेलांटीवाली
मूळ प्रश्नावर येऊ या का? कसं सांगायचं. मी लगेच सांगते, पहिल्याच मेलला, शेवटच्या ओळीत : "जाता जाता, माझं नाव दीप्ती, प ला त जोडून." पहिल्यांदा सांगितलं की ती माहिती असते. दोन वर्षांनी सांगितलं की तक्रार होते. जोडाक्षर, तुझं तेच झालंय, दहा वर्षं "चालतंय" म्हटल्यावर आता त्या मैत्रिणीला कसं कळावं?

फाटकीबॅग
+१. आणि चुकलेलं दाखवण्यापेक्षा बरोबर लिहून पाठवायचं. "यातलं नाव असं करशील का?" बस. संधी समास समजवायला बसू नये.

ऱ्हस्वदीर्घ
टोमणा पोचला. :)

बिटबाईट
फोनपासून पण सावध रहा. मी एका मृण्मयीला वर्षभर मृणाल लिहीत होतो, अंदाजपट्टीत पहिलं तेच यायचं आणि अंगठा तिकडेच जायचा. एकदा ती म्हणाली "मृणाल ठीक आहे का, विचारून सांग".

जोडाक्षर
चार दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद वाचले, शेवटची ओळ यांचा दोनदा.

वेलांटीवालीचं वाचून त्या मैत्रिणीला मेसेज करायला घेतला. काय लिहू काय लिहू करत तिचं नाव उघडलं आणि हात थांबला. माझ्या फोनमध्ये ती 'ज्योत्सना' आहे. मग तिच्या मेलची सही बघितली. ज्योत्स्ना. त् स् न तिन्ही एकत्र. सहा वर्षं रोज तिला मेल करतेय, रोज वर "प्रिय ज्योत्सना", आणि खाली तिची सही माझ्या डोळ्यांसमोर. मी ती एकदाही वाचली नाही. जिच्या एका अर्ध्या ज वरून मी इथे धागा काढला!

मेसेज नाही केला. समोर जाऊन दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या, आधी माझी चूक, मग तिची. ती आधी गप्प बसली. मग म्हणाली मला वाटायचं तुला जोडाक्षर टाइप करता येत नसेल म्हणून सोडून देते. आणि मग जे हसलोय दोघी.

ती नवीन छापून देते म्हणत होती. मी नको म्हटलं. फ्रेम उघडली, तिच्याच हातात पेन दिलं. तिने ज च्या आधी काकपद काढलं, ते टोपीसारखं, मुद्रितशोधनात करतात तसं, आणि वर अर्धा ज लिहिला. खाली बारीक अक्षरात सही केली, पूर्ण, त् स् न तिन्ही जोडून. काल भिंतीवर लावलं.

हृषीक
फोटो टाका!

टिंबटिंब
मानपत्रावर चूक, दुरुस्ती आणि दुरुस्ती करणाऱ्याची सही. कोर्टात पण चालेल हे. निवांत यांना दाखवा, प्रतिज्ञापत्राला उपयोगी पडेल.

निवांत
प्रतिज्ञापत्रात कुठे कुठे काकपद काढू, कागद काळा होईल. फोटोची वाट बघतोय उज्ज्वलाताई.

(लिहायला वेळ लागला, ज दोनदा दाबायचा राहतोच.)